मध्यावरची झीज : फोक्सवॅगन बसच्या स्टिअरिंग बॉक्सची पार्श्वभूमी

जुनी फोक्सवॅगन बस चालवणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडी सरळ रस्त्यावर सरळ जात नाही. स्टिअरिंग दोन-चार बोटं इकडेतिकडे फिरवलं तरी चाकं ढिम्म हलत नाहीत, आणि आडवा वारा सुटला की गाडी सावरता सावरता हात भरून येतात. गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावरचा, ॲडजस्टिंग स्क्रू पाव फेरा कसून देतो. प्ले, म्हणजे ही ढिलाई, गेली म्हणून मालक खूश होतो. पण पहिल्याच मोठ्या वळणावर स्टिअरिंग जड लागतं, आणि हात सैल सोडला तरी ते आपणहून सरळ येत नाही. असं का होतं, हे समजायला त्या बॉक्सची घडण कुठून आली ते पाहावं लागतं.

घोडागाडीचा पुढचा आस मधल्या एकाच खिळ्यावर अख्खा फिरायचा. तसं न करता दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची कल्पना म्युनिकचा गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लँकेनस्पेर्गर याने १८१६ च्या सुमारास काढली. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन याने घेतलं, म्हणून आजही पुस्तकात नाव ॲकरमनचंच येतं. पहिल्या मोटारी मात्र दांड्याने वळवत. खड्ड्यात चाक गेलं की तो दांडा थेट मनगटावर आदळे. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरोन याने आपल्या पानार मोटारीला हाताने फिरवायचं गोल चाक बसवलं, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला.

नुसत्या चाकाने हिसका थांबत नव्हता. त्यासाठी मध्ये मळसूत्र आलं, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत वर्म. वर्म फिरवला की पुढचा भाग हलतो, पण पुढचा भाग ढकलून वर्म सहजी फिरत नाही. हिसका अडला, पण दुसरी पंचाईत झाली. आट्यांवर सगळा भाग घासत सरकायचा, घर्षण फार, त्यामुळे वळण संपल्यावर चाकं आपणहून सरळ होईनात. रस्त्याचा धक्का हातात येऊ नये, पण रस्त्याची जाणीव तेवढी यावी, हे कोडं पुढची तीस-चाळीस वर्षं सगळे सोडवत होते. माझ्या मते स्टिअरिंगच्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग हाच.

इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावच्या डेव्हिड रॉस याने या कोड्याचं एक सुंदर उत्तर दिलं. पर्ड्यू विद्यापीठातून शिकलेला हा माणूस. विद्यापीठाच्या रॉस-एड स्टेडियमच्या नावातला रॉस तोच. १९०६ मध्ये त्याने गिअरचा कारखाना काढला, आणि १९२० च्या दशकात त्याची कॅम-लिव्हर पद्धत गाजली. वर्मच्या खोल आट्यात निमुळत्या टोकाची एक खुंटी बसवायची आणि खुंटी एका दांड्याला जोडायची. वर्म फिरला की खुंटी आट्यातून पुढे-मागे जाते, दांडा झुलतो आणि त्याच्या शाफ्टवरचा ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सबाहेरचा झुलता हात, चाकांकडे ओढ देतो. पुढे ती खुंटीही बेअरिंगवर फिरती ठेवण्याची सोय आली, म्हणजे घासण्याऐवजी लोळण. हिच्याच शेजारची दुसरी वाट म्हणजे वर्म आणि रोलर, खुंटीच्या जागी छोटं दातेरी चाक. जर्मनीत झेपेलिन हवाई जहाजांचे गिअर करायला १९१५ मध्ये निघालेल्या झेडएफ कंपनीने १९३२ मध्ये रॉसचा परवाना घेतला आणि ही जातकुळी युरोपच्या ट्रकांत आणि मोटारींत पसरली.

आता बसकडे. डच आयातदार बेन पॉन फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेला असताना तिथल्या छोट्या बीटल मोटारीच्या सांगाड्यावर जुळवलेल्या, माल वाहणाऱ्या उघड्या गाड्या त्याने पाहिल्या. २३ एप्रिल १९४७ ला त्याने वहीत एक डबा काढला: इंजिन मागच्या टोकाला, चालक पुढच्या टोकाला, मध्ये माल. पहिला नमुना बीटलच्या तळाला पेलला नाही, म्हणून नवा मजबूत सांगाडा करावा लागला. ८ मार्च १९५० ला उत्पादन सुरू झालं.

चालक पुढच्या आसाच्या डोक्यावर बसवला, इथेच स्टिअरिंगची गोष्ट वेगळी होते. स्टिअरिंगचं चाक जवळजवळ आडवं, ताटासारखं. दांडा पायापाशी उभा खाली जातो आणि तिथे बॉक्स. बॉक्समध्ये रॉसच्या जातकुळीतला वर्म आणि खुंटी. ड्रॉप आर्मकडून एक लांब दांडी आसाच्या मध्यावरच्या लिव्हरला जाते, तिथून दोन टाय रॉड, म्हणजे जोडदांड्या, दोन चाकांना. इतक्या सांध्यांमधून ओढ जाते, त्यातल्या प्रत्येकात थोडी ढिलाई शिरली की सगळी मिळून चालकाच्या हातात येते. त्यात गाडीच्या बाजू सपाट आणि उंच, इंजिन मागे, त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. छोट्या मोटारीत जो प्ले खपून गेला असता तो इथे घाम काढतो. म्हणून बॉक्स उघडण्याआधी टाय रॉडचे एंड, मधला लिव्हर आणि किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते खिळे, तपासावेत, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

या गाडीचं एक नातं आपल्याकडेही पोचतं. हॅम्बर्गच्या टेम्पो कारखान्याने १९४९ मध्ये मॅटॅडोर काढली तेव्हा तिला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आल्यावर तो पुरवठा बंद झाला. त्याच टेम्पोशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, आणि मराठीत मालवाहू गाडीला टेम्पो हे नावच पडलं.

१९६७ मध्ये बसचं दुसरं रूप आलं, तरी खुंटीचा बॉक्स आणखी काही वर्षं टिकला. १९७३ च्या मॉडेलपासून त्याची जागा रोलरच्या बॉक्सने घेतली. रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि छोट्या दातेरी चाकाचं स्टिअरिंग, तोवर अजिबात नवं नव्हतं. मॉरिस मायनरला ते १९४८ पासून होतं. बसला ते थेट १९७९ च्या तिसऱ्या पिढीत मिळालं.

आता झिजेकडे. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून खुंटी आट्याच्या मधल्या भागातच लाखो वेळा इकडेतिकडे होते. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून आटा मध्यावर किंचित घट्ट आणि दोन्ही टोकांना किंचित सैल तासलेला असतो. मधला घट्टपणा झिजून गेला की प्ले येतो. स्क्रू कसला की खुंटी सबंध आट्यात खोल जाते: झिजलेल्या मध्यावर बरोबर बसते आणि न झिजलेल्या टोकांकडे आवळते. वळणावर जडपणा येतो तो यामुळे.

बॉक्स उघडल्यावर हे डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतं. वर्म रॉकेलने धुवायचा, कापडाने कोरडा करायचा आणि आट्याच्या भिंतीवरून नख फिरवायचं. टोकाकडून नख काचेवरून जावं तसं सरकतं आणि मध्यावर आलं की अडकतं. कडक केलेल्या पोलादाचा वरचा पापुद्रा तिथे सुटलेला असतो, छोटे खड्डे पडलेले असतात. खुंटीचं बेअरिंग जाम झालेलं असेल तर गोल टोकावर चपटा डागही दिसतो. पुष्कळदा आत गिअर ऑइलऐवजी ग्रीस सापडतं. सील गळायला लागलं म्हणून कुणीतरी ते भरलेलं असतं. घट्ट ग्रीस आट्यातून बाजूला सरतं आणि परत वाहून येत नाही, मग खुंटी कोरडीच घासते. सील बदलणं हे त्यापेक्षा कमी कष्टाचं काम होतं.

बॉक्स नव्याने बांधताना ड्रॉप आर्म काढण्याआधी त्याच्यावर आणि शाफ्टवर खूण करायची, आणि आर्म पुलरनेच ओढायचा. हातोडा मारला तर धक्का आत जातो. वर्म आणि खुंटी खराब असतील तर बदलायच्याच, तिथे काटकसर नको. बेअरिंग, बुश, सील नवे. आधी वर्मची लांबीच्या दिशेची ढिलाई शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून काढायची, खुंटीचा स्क्रू त्यानंतर. हा क्रम उलटा केला की एक ढिलाई दुसरीला झाकते.

शेवटची जुळवणी नेमक्या मध्यावर करतात. टोकापासून टोकापर्यंत फेरे मोजायचे, निम्म्यावर थांबायचं, हाताला अगदी हलका अडसर लागेपर्यंत स्क्रू आत न्यायचा आणि तो हलू न देता लॉकनट कसायचा. मग एकदा सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. नीट बांधलेल्या बॉक्समध्ये वर्म सुरुवातीला मोकळा फिरतो, मध्यावर क्षणभर अंग धरतो आणि पुढे पुन्हा मोकळा होतो.