तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट: रिपोर्ट परत का येतो

गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या पाच-सहा सोसायट्यांबरोबर मी स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीसाठी, वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारल्यात. बिल्डिंग वाईट म्हणून फाइल अडकली असं क्वचित झालं. अडकते ती तारीख चुकीची धरली म्हणून, नकाशे नाहीत म्हणून, नाहीतर काँक्रीटची टेस्ट नावापुरती उरकली म्हणून.

आधी तारीख. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५३ब प्रमाणे बिल्डिंगला ३० वर्षं झाली की पालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून स्टॅबिलिटी सर्टिफिकेट द्यावं लागतं. ही ३० वर्षं सोसायटी रजिस्टर झाल्यापासून मोजायची नाहीत आणि कन्व्हेयन्सपासून, म्हणजे जमीन-बिल्डिंग सोसायटीच्या नावावर झाली तेव्हापासून, तर नाहीच नाही. कंप्लिशन सर्टिफिकेट, ओसी (राहायला जायची पालिकेची परवानगी), किंवा बांधलेल्या जागेपैकी निदान निम्म्या जागेत लोक प्रत्यक्ष राहायला आले तो दिवस, यातलं जे आधी घडलं तिथून मोजायची. म्हणजे लोक १९९१ ला राहायला आले आणि ओसी १९९७ ला मिळाली तर ३० वर्षं २०२१ लाच भरली, २०२७ ची वाट बघत बसू नका. ३० भरल्यावर एक वर्षाच्या आत सर्टिफिकेट आणि त्यानंतर साधारण दर १० वर्षांनी, आयुक्तांनी सांगितलं तर त्याआधीही. नाही दिलं तर दंड २५,००० रुपये किंवा एका वर्षाचा मालमत्ता कर, जे जास्त असेल ते. ठाणे, पुणे, नागपूर अशा इतर महापालिकांत हेच काम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली होतं.

आता इथे एक घोळ हमखास होतो. सोसायटीच्या आदर्श उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. ते सोसायटीचं आपल्या सभासदांशी असलेलं काम, पालिकेचं सर्टिफिकेट वेगळं. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं समजून कमिट्या निवांत बसतात आणि मग नोटीस आली की पळापळ.

जनरल बॉडीचा ठराव, कमिटीचं पत्र, मालमत्ता कराचं बिल, इंजिनीअरच्या चालू लायसन्सची कॉपी, हे सगळं सोपं आहे. ओसी नसेल तर सुरुवातीच्या वर्षांची कराची बिलं आणि लाइट मीटर जोडल्याचा कागद शोधून ठेवा.

खरी अडचण मूळ आरसीसी ड्रॉइंगची, म्हणजे कॉलम-बीममध्ये सळया कुठे आणि किती ते दाखवणाऱ्या नकाशांची, ती जवळजवळ कुणाकडेच नसतात. बिल्डर गायब, आर्किटेक्ट वारलेले. पालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल खात्यात १० रुपये फी भरून माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराला ३० दिवस धरा. बऱ्याचदा मंजूर नकाशे मिळतात पण सळयांचं ड्रॉइंग मिळत नाही, आणि लोकांना यासाठी महिनोन् महिने ताटकळत ठेवतात याचा मला मनापासून राग येतो. तेवढं थांबू नका. इंजिनीअरकडून जागेवर मापं घेऊन नवीन नकाशे करून घ्या आणि स्कॅनरने सळया शोधायला सांगा.

आता काँक्रीटच्या ताकदीचं. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक फक्त रिबाउंड हॅमर असतो, म्हणजे पृष्ठभागावर दाबून किती उसळी येते त्यावरून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र. एका सोसायटीत माझ्यासमोर टेस्टिंगवाला माणूस स्टिल्टमधल्या (खालच्या मोकळ्या पार्किंगच्या) कॉलमवर रंगासकट प्लास्टरवरच हॅमर मारत होता. ते आकडे प्लास्टरचे, काँक्रीटचे नाहीत! प्लास्टर वीतभर चौकोनात फोडून, काँक्रीट दगडाने घासून गुळगुळीत केल्याशिवाय हॅमर लावूच देऊ नका. आणि नीट केलं तरी हॅमरचा अंदाज साधारण २५ टक्के इकडे-तिकडे जातो, जुन्या काँक्रीटमध्ये तर कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, वरचा थर कडक झालेला असतो म्हणून आकडा खोटाच चांगला येतो. अल्ट्रासॉनिक टेस्टने आत पोकळी, भेगा आहेत का ते कळतं, त्यावरून ताकदीचा थेट आकडा काढू नये.

ताकद हवी तर कोर काढा. त्याच कॉलममधून नंतर कोर काढला, मनगटाएवढा जाड काँक्रीटचा दंडगोल, आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारलं तेव्हा आतला भाग गुलाबी झाला पण बाहेरचा तीन सेंटिमीटर तसाच राखाडी राहिला. म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणा तिथपर्यंत संपलेला, आणि सळई साधारण त्याच खोलीवर होती. हॅमरने हाच कॉलम ठणठणीत दाखवला होता.

कोर किमान तीन हवेत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोर ७५ टक्क्यांखाली नको असं आहे, म्हणजे ग्रेड एम-१५ (ताकद १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) असेल तर सरासरी १२.७५ आणि कमीत कमी ११.२५. निकष मुळात नव्या कामाचा आहे पण तुलनेला उपयोगी पडतो. "कॉलमला भोक पाडू देणार नाही" म्हणून सभासद अडून बसतात, त्यांना समजावा की आधी सळई कुठे आहे ते शोधूनच कोर काढतात आणि नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने (भरायच्या पातळ सिमेंट मिश्रणाने) जागा भरतात. ती भरलेली आपल्या डोळ्यांनी बघा, फोटो काढून ठेवा.

घरात शिरू न देणारे सभासद हा वेगळाच त्रास. बाथरूमखालचे स्लॅब सगळ्यात आधी खराब होतात आणि तेच फ्लॅट बंद मिळतात. लेखी सूचना द्या, कुणी नाकारलं तर तसं रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

शेवटी रिपोर्टमध्ये वर्ग येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. दोन इंजिनीअरचे रिपोर्ट उलटसुलट आले तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जातं आणि तिथे ज्या रिपोर्टमागे कोरचे, कार्बोनेशनचे आकडे आणि फोटो आहेत तो टिकतो, नुसती "बिल्डिंग चांगली आहे" ही ओळ टिकत नाही. सी-१ आलाच तर घर सोडायच्या आधी प्रत्येक घराच्या चटई क्षेत्राची मोजणी करून घ्या आणि त्याचा शिक्का मारलेला कागद स्वतःजवळ ठेवा, खास करून भाडेकरूंनी, कारण बिल्डिंग पाडल्यावर मोजायला भिंतच उरत नाही.