वेदनामापन

वेदनामापन म्हणजे रुग्णाच्या वेदनेची जागा, जात, तीव्रता आणि झोप व हालचालींवरील तिचा परिणाम विचारून, पाहून नोंदवण्याची वैद्यकीय पद्धत. ताप मोजायला थर्मामीटर असतो, तसे वेदनेसाठी उपकरण नाही. म्हणून ज्याला बोलता येते त्या रुग्णाचे सांगणेच प्रमाण मानतात.

सर्वाधिक वापर अंकश्रेणीचा होतो. तीत ० म्हणजे वेदना नाही आणि १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढी सर्वाधिक वेदना. साधारणपणे ३ पर्यंत सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ पासून तीव्र समजतात. मुलांना सहा चेहऱ्यांची पट्टी दाखवतात. तान्ह्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात.

अंक तीव्रता सांगतो, जात सांगत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत त्यासाठी ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. मराठीतही ठणका, कळ, चमक, आग, मुरडा हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गळवाला ठणका लागतो, पोटात मुरडा येतो; आग आणि मुंग्या एकत्र सांगितल्या, तर मज्जातंतूंच्या विकाराची शंका घ्यावी लागते.

गोव्यात एकाच वॉर्डात मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड बोलणारे रुग्ण असतात, त्यामुळे अनुवादित पट्टीपेक्षा विचारणाऱ्याचा कान महत्त्वाचा ठरतो. पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या आजीला ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. ‘रुपयात किती आणे फरक पडला?’ म्हटले की ‘आठ आणे’ असे उत्तर चटकन येते. ही सोळा भागांची पट्टीच आहे, फक्त ती वेदना नव्हे तर उतार मोजते, म्हणून तिला दहाच्या अंकांत बसवणे चुकीचे ठरेल. ‘इल्लें दुखता’ (थोडेसे दुखते) म्हणणारी कोकणीभाषक बाई कूस बदलताना दात आवळत असेल, तर तेही नोंदले पाहिजे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर स्वस्थ पडलेला रुग्ण २ सांगतो आणि खोकताना ७. यातला दुसरा अंक अधिक कामाचा, कारण दुखण्याच्या भीतीने खोकला दाबल्यास छातीत कफ साचतो. दोन रुग्णांच्या अंकांची तुलना फारशी उपयोगाची नसते. त्याच रुग्णाचा औषधापूर्वीचा आणि नंतरचा अंक वेळेसह लिहितात, शिरेतून औषध दिल्यास साधारण अर्ध्या तासाने आणि तोंडाने दिल्यास तासाभराने पुन्हा विचारून.