पेशंटचं सोंग

इंजेक्शन रबरी हातावर शिकता येतं, पण शुगरच्या मावशीशी बोलायचं कसं हे कशावर शिकणार? पुतळा काही उलट बोलत नाही. म्हणून नर्सिंगच्या मुलींसमोर पेशंटचं सोंग घेतलेला माणूस बसवतात, तब्येतीने ठणठणीत पण आजार पक्का पाठ केलेला.

आयडिया तशी जुनीच. 1963 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने एका मॉडेलला पेशंट व्हायला शिकवलं, तेव्हा लोकांनी थट्टा केली. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेननी ऑस्की परीक्षा मांडली, म्हणजे एकेका टेबलापाशी जाऊन ठरावीक वेळात प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, आणि मग असे पेशंट परीक्षेतही आले.

खरी गंमत स्क्रिप्टमध्ये असते. समजा निफाडकडच्या मावशी आहेत, शुगरच्या. त्यांना बजावलेलं असतं की 'गोळ्या घेता ना वेळेवर?' असं विचारलं तर नुसतं 'हो' म्हणायचं, पण कुणी समोर बसून 'मावशी, कालचा दिवस कसा गेला, जेवण कधी, गोळी कधी, सांगा बरं' असं विचारलं तरच सांगायचं की कांदाकाढणीत जेवायला दुपार टळते, चक्कर येते, म्हणून गोळीच सोडली. शुगरच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइडसारख्या, घेऊन जेवण लांबलं तर शुगर खाली जाते, त्यामुळे हे डॉक्टरांपर्यंत पोचणं फार गरजेचं. पहिल्या प्रश्नाने ते कधीच पोचलं नसतं.

तसंच 'समजलं का?' चं. सगळे मान हलवतात हो! त्यापेक्षा 'घरी सुनेला कसं सांगाल ते मला सांगा' म्हटलं की काय डोक्यात शिरलं आणि काय नाही ते लगेच कळतं.

पण माझ्या मते शिकणं होतं ते नंतरच्या चर्चेत. सोंग उतरवून ती बाई सांगते, 'तू फाईलमध्ये बघत होतीस ना, तेव्हा मला पुढचं बोलावंसंच वाटेना.' वॉर्डातली खरी पेशंट हे कशाला सांगेल, ती 'सिस्टर चांगल्या आहेत' म्हणून मोकळी होते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे आणि हौशी नाटकवाल्यांची इथे काय कमी, त्यांना का नाही बोलवत? फक्त अभिनय आवरा म्हणावं लागेल, कारण दहाव्या मुलीसमोरही पहिलीइतकंच रडायचं असतं, नाहीतर परीक्षा सारखी कशी होणार. आणि नटच नसेल तर मुलींनीच आळीपाळीने कॉटवर पडावं, आपल्या डोक्यावरून दोघी आपल्याबद्दलच बोलतायत पण आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे तिथे पडल्यावरच कळतं.