दारूबंदीच्या शहरात एएची मीटिंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणी ‘ते पितात’ असं म्हणत नसे. ‘त्यांना जरा बरं नसतं’, एवढंच. उजेडात दारूची पोटली कुणी बघितलीच नाही. सकाळी मोरीमागे रिकामी प्लास्टिकची पिशवी सापडायची आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असायचं. गुजरातेत पिणारा आजारी ठरायच्या आधी गुन्हेगार ठरतो. त्यामुळे घरचे डॉक्टरकडेही उशिरा जातात.

हे आलं कुठून? १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा आपल्याही वाट्याला आला. १९६० साली राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्राने पुढे कायदा सैल केला. तिकडच्या बारवर अजून ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते, ती त्याच काळाची खूण. गुजरातेत बंदी कायम राहिली. इथे चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरी शिफारशीवर दारूचं हेल्थ परमिट मिळतं. बडोद्यात ‘तब्येतीसाठी’ हा शब्द उच्चारताना माणूस किंचित हसतो, ते यामुळे.

गंमत अशी की अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू करणाऱ्या दोघांनीही असलाच काळ पाहिला होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या दोघांपैकी एक, अॅक्रन शहरातले सर्जन डॉ. बॉब स्मिथ, यांच्याबद्दल असं सांगतात: फोनच्या डिरेक्टरीतून कुणाचंही नाव उचलायचं आणि त्या नावावर ‘औषधी’ व्हिस्कीची चिठ्ठी लिहायची. बंदी आली, उठली, बॉब पीतच राहिले.

मे १९३५ मध्ये दुसरे, न्यूयॉर्कचे बिल विल्सन, धंद्यातला डाव फसल्यामुळे अॅक्रनच्या एका हॉटेलात अडकले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि लॉबीच्या एका टोकाला बार. त्यांनी चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्यांना उपदेशक नको होता, आपल्यासारखाच कुणी पिणारा हवा होता. १२ मेला डॉ. बॉब भेटले. पंधरा मिनिटं बसतो म्हणाले आणि रात्री अकरापर्यंत बोलत राहिले. मध्ये एकदा घसरले, पुन्हा प्यायले. १० जूनला ऑपरेशनला जायचं होतं, हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली. ती शेवटची. एए आपला जन्मदिवस म्हणून हीच तारीख धरते. १९३९ साली पुस्तक निघालं, त्यात दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या होत्या आणि संघटनेला नावही त्या पुस्तकावरूनच मिळालं.

भारतात, मुंबईत एए आली १९५७ साली. तेव्हा मुंबई आणि बडोदा एकाच राज्यात, एकाच दारूबंदीखाली होते. म्हणजे दारूबंदीच्या गावात ही मीटिंग उपरी नाही. तिचा इथला जन्मच बंदीतला.

‘अनॉनिमस’, निनावी, म्हणजे नाव मुळीच सांगायचं नाही, असं नव्हे. पहिलं नाव सांगतात, आडनाव गळतं. बडोद्याच्या मराठी माणसाला ही मोठी सोय आहे. आपल्यात आडनाव कळलं की वाडा, पणजोबा आणि सोयरीक एकदम कळते! एरवी नियम कमी. पिणं थांबवायची इच्छा, ही एकच अट. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात टाकतो. बाहेरची देणगी घेत नाहीत.

जायचं कसं? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावानुसार मीटिंगा मिळतात, पण जागा आणि वेळ बदलते, तेव्हा आधी फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त पिणाऱ्यांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टरला गाठावं. एकदम सोडलं तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. मीटिंगमध्ये औषध देत नाहीत.

बरेचदा आधी वहिनीच जाते. तिच्यासाठी अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना आहे, बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये उभी केलेली. तिथे ‘नवऱ्याची कशी सोडवू’ हा प्रश्न घेऊन आलेल्या बाईला आधी तिचं स्वतःचं विचारतात, आणि पहिल्या दिवशी तिला त्याचा थोडा रागच येतो.

मी एका ओपन मीटिंगला बसलो होतो. दाराशी चपला, चहाचे कागदी कप, बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी. मग कोपऱ्यातले एक काका उठले आणि मराठीत म्हणाले, ‘मी मद्यपाशी.’ खोलीतल्या अर्ध्या लोकांना शब्द कळला नसावा. सगळ्यांनी मान मात्र हलवली.