राउटरच्या धास्तीचे मूळ रडारात

वायफायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या लहरींची धास्ती मात्र त्याहून अर्ध्या शतकाने जुनी आहे. ती राउटरपायी जन्मलेलीच नाही. रडार, वकिलात, विजेच्या तारा आणि मोबाइल यांच्याकडून ती वारशाने आली, आणि वारस नेमका किडमिडीत निघाला.

दुसऱ्या महायुद्धातील रडारमुळे शक्तिशाली सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) प्रथमच माणसांच्या इतक्या जवळ आल्या. त्या पदार्थ तापवतात हे ध्यानात येताच रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये अन्न शिजवण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. आजचा मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि राउटर २.४ च्या पट्ट्यात, म्हणून ‘दोन्ही एकच’ असे सर्रास ऐकू येते. या शेजाराचे कारण शरीरात नाही, नियमांत आहे. हा पट्टा ओव्हनसारख्या उपकरणांसाठी सोडलेला, म्हणून संदेशवहनाच्या दृष्टीने गोंगाटाचा. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तो विनापरवाना संदेशवहनाला खुला केला आणि पुढे वायफाय तिथेच वसले. ओव्हन सात-आठशे वॅट बंद पत्र्याच्या पेटीत कोंडतो, तर राउटर साधारण दशांश वॅट खोलीभर पसरवतो.

खरी ठिणगी पडली शरीरावर किती लहरी पडू द्याव्यात या मर्यादेवरून. १९५३ मध्ये हर्मन श्वान या जैवभौतिकशास्त्रज्ञाने शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकते याचा हिशेब मांडून दर चौरस मीटरला १०० वॅट ही मर्यादा सुचवली, आणि अमेरिकेने पुढे तीच धरली. सोव्हिएत संघाने त्याच दशकाच्या अखेरीस दिवसभर काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा तिच्या हजाराव्या भागाइतकी होती. तिथले संशोधक कामगारांची डोकेदुखी, थकवा, झोपेच्या तक्रारी हेही परिणाम मानत. अमेरिकी बाजूचा सारा भर तापमानावर होता. जाणकारांतच हजारपटीचा फरक असेल, तर सामान्य माणसाने संशय घेतला यात त्याचे काय चुकले?

त्यात मॉस्को प्रकरणाने तेल ओतले. तिथल्या अमेरिकी वकिलातीवर १९५० च्या दशकापासून सूक्ष्मलहरींचा झोत सोडला जात होता. अमेरिकी सरकारला हे ठाऊक होते, पण वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना आणि जगाला ते कळले १९७६ मध्ये. झोताची तीव्रता अमेरिकेच्या स्वतःच्या मर्यादेच्या शेकडो पट खाली होती. १९७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पथकाने या कर्मचाऱ्यांची पूर्व युरोपातील इतर वकिलातींशी तुलना केली, तेव्हा त्या झोतामुळे अपाय झाल्याचे दिसले नाही. पण वर्षानुवर्षे दडवलेल्या गोष्टीबद्दलच्या अशा निष्कर्षावर विश्वास कोण ठेवणार? माझ्या मते वायरलेसबद्दलच्या आजच्या अविश्वासात प्रयोगशाळेपेक्षा या लपवाछपवीचा वाटा मोठा आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या एका अभ्यासाने विजेच्या तारा आणि मुलांमधील रक्ताचा कर्करोग यांचा संबंध सुचवला. ते ६० हर्ट्झचे, म्हणजे अतिशय मंद कंपनांचे क्षेत्र, वायफायशी त्याचे भौतिक नाते नाही. लोकांच्या मनात मात्र दोन्ही एकाच खात्यावर जमा झाले.

मोबाइल आल्यावर मर्यादांची फेरमांडणी झाली. प्राण्यांच्या वर्तनात बदल दिसू लागतो ती पातळी दर किलो वजनामागे शोषलेले सुमारे ४ वॅट. अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सामान्य लोकांसाठी तिच्या पन्नासाव्या भागावर रेघ ओढली, आणि वायफायच्या पट्ट्यात ती दर चौरस मीटरला १० वॅट येते. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २ब गटात टाकले. त्यामागचा मानवी पुरावा मुख्यतः डोक्याला मोबाइल लावून तासन् तास बोलणाऱ्यांचा होता, पण शिक्का सगळ्याच रेडिओ लहरींवर बसला आणि राउटर आपसूक आत ओढला गेला. हा गट पुराव्याचे वजन सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही.

वायफायवर थेट गदारोळ झाला तो २००७ मध्ये ब्रिटनमध्ये. बीबीसीच्या एका कार्यक्रमाने शाळेतील लॅपटॉपच्या लहरी मोबाइल टॉवरपेक्षा तिप्पट असल्याचे दाखवले. मापन लॅपटॉपच्या जवळून आणि टॉवरपासून लांबून केले होते. कार्यक्रमाने शास्त्रीय मताचे दिशाभूल करणारे चित्र उभे केले, असा निर्वाळा पुढे बीबीसीच्याच तक्रार विभागाने दिला. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेचा हिशेब असा, की वायफायच्या सान्निध्यात काढलेले वर्ष म्हणजे मोबाइलवरची वीस मिनिटे. फ्रान्सने मात्र २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत वायफायला मनाई केली. अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून.

‘सिग्नल जोरात आहे’ म्हणजे किती, हेही पाहू. दशांश वॅटच्या राउटरपासून एक मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॅट पडतात, म्हणजे १० वॅटच्या मर्यादेच्या बाराशेव्या भागाहूनही कमी. दोन मीटरवर त्याचाही चौथा हिस्सा, आणि राउटर अखंड बोलतही नाही. फोनवर भरलेल्या कांड्या दिसतात तेव्हा त्याच्या अँटेनापर्यंत पोचलेली शक्ती मिलिवॅटचा अगदी छोटा अंश असते.

कोणाला खरोखर डोके दुखते, झोप लागत नाही. तो त्रास खोटा नव्हे. पण लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या चाचण्यांत अशा व्यक्तींना फरक ओळखता आलेला नाही.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व्यापक आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. राउटरबद्दल दशकानुदशकांचा तसाच स्वतंत्र अभ्यास उभा करणे अवघड आहे. लहरी सगळीकडेच आहेत, त्यामुळे तुलनेसाठी वायफायविना राहणारा मोठा गट मिळत नाही. आणि एकाच माणसाच्या दिवसभराच्या मात्रेत स्वतःच्या फोनचा हिस्सा बहुधा इतका मोठा असतो, की राउटरचा वेगळा काढणेच मुश्कील होते.