कोल्यूश: एका उमेदवारीची पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये विनोदी कलाकार कोल्यूशचं नाव आज मुख्यतः अन्नछत्रांमुळे निघतं. सप्टेंबर १९८५ मध्ये त्याने रेडिओवर मोफत जेवणाची कल्पना मांडली आणि पहिल्याच हिवाळ्यात सुमारे ८५ लाख जेवणं वाटली गेली. २०२२-२३ मध्ये हा आकडा १७ कोटींच्या आसपास पोहोचला. देणगीदारांना करसवलत देणाऱ्या १९८८ च्या तरतुदीला लोक त्याचंच नाव देतात. ती बघायला तो राहिला नव्हता. जून १९८६ मध्ये मोटारसायकल ट्रकवर आदळून तो गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी.

तो घडला पॅरिसच्या छोट्या कॅफे-थिएटरांत. १९६९ मध्ये मित्रांनी मिळून उभारलेल्या रंगमंचावर तो पुढे आला. १९७४ पासून तो एकट्याने कार्यक्रम करू लागला. अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची डांगरी, आत पिवळा टी-शर्ट. विनोद सांगायला सुरुवात करायची आणि फाटे फोडत मूळ गोष्टीपर्यंत पोहोचायचंच नाही, ही त्याची खासियत.

खरा वाद मात्र १९८०-८१ चा. ३० ऑक्टोबर १९८० रोजी त्याने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. आळशी, अस्वच्छ, व्यसनी, स्त्रिया, तरुण, म्हातारे, ज्यांना राजकारणी खिजगणतीतही धरत नाहीत अशा सगळ्यांनी मला मत द्या, असं त्याचं आवाहन होतं. गंमत म्हणून लोक हसले. पण डिसेंबरमधल्या एका पाहणीत त्याला १६ टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसला आणि हसणाऱ्यांचे चेहरे उतरले. काही नामवंत विचारवंतही त्याच्या बाजूने उभे राहिले.

इथेच एक नियम आडवा येतो. उमेदवाराला निवडून आलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या, बहुतेक वेळा गावोगावच्या महापौरांच्या, सह्या लागतात. १९७६ पर्यंत १०० पुरेशा होत्या. हौशी उमेदवार कमी व्हावेत, हा वाढीमागचा हेतू. पण महापौराला आपल्या गावासाठी पक्षांशी जुळवून घ्यावं लागतं. विदूषकाच्या अर्जावर तो सही का करील? त्यात धमक्या आल्या, रेडिओ-दूरचित्रवाणीची दारं बंद होत गेली आणि त्याच्या चमूतल्या एकाचा खून झाला. खुनाचं कारण पुढे खासगी निघालं, पण भीती बसायची ती बसली. मार्च १९८१ मध्ये त्याने माघार घेतली. ‘तो मुळातच गंभीर नव्हता’ हे स्पष्टीकरण सोयीचं आहे. गंभीर नसलेल्या माणसाला इतकं घाबरायचं कशाला?

दोन महिन्यांनी समाजवादी पक्षाचा उमेदवार निवडून आला. कोल्यूश सिनेमाकडे वळला. एका गंभीर चित्रपटातल्या पेट्रोल पंपावरच्या कामगाराच्या भूमिकेसाठी १९८४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

५०० सह्यांचा नियम अजून आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर सही करणाऱ्या प्रत्येकाचं नाव जाहीर होतं, त्यामुळे छोट्या गावांचे महापौर आणखीच हात आखडता घेतात.