प्रकाश-अभिक्रिया (प्रकाशसंश्लेषण)

प्रकाशसंश्लेषणाचा पहिला टप्पा. यात सूर्यप्रकाशातील ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंमध्ये साठवली जाते. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते ती पुढच्या टप्प्यात, याच शिदोरीवर.

क्रॉफर्ड मार्केटमधून मत्स्यटाकीसाठी आणलेली हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीतल्या उन्हात ठेवली, की देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते. ऊन अडवले की ती मंदावते. बुडबुड्यांतला हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो, हे रूबेन व केमन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजनयुक्त पाणी वापरून दाखवले.

पानाच्या पेशींतील हरितलवकात थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांच्या पटलातील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा रेणूमागून रेणू पार करत केंद्राशी पोचते. तिथे प्रकाशप्रणाली २ (हरितद्रव्य व प्रथिने यांचा एक संच) एक इलेक्ट्रॉन गमावते आणि पाणी फोडून ती तूट भरून काढते. हे अवघड काम चार मँगनीज व एक कॅल्शियम अणूंचा इवलासा पुंजका करतो. निघालेला इलेक्ट्रॉन वाहक रेणूंवरून प्रकाशप्रणाली १ कडे जातो. तिथे त्याला पुन्हा प्रकाशाचे बळ मिळते आणि एनएडीपीएच तयार होते. (क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, म्हणून दोन आधी आणि एक नंतर, विद्यार्थी हमखास इथेच गोंधळतात.) ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किमान आठ फोटॉन लागतात.

या प्रवासात पिशवीच्या आत प्रोटॉन साचत जातात. १९१५ पासून मुंबईला वीज पुरवणाऱ्या खोपोलीच्या केंद्रात घाटावरून उतरणारे पाणी चाक फिरवते; तसेच बाहेर पडणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकराचा एक भाग खरोखरच गरगर फिरवतात आणि एटीपी घडते. साचलेल्या प्रोटॉनच्या जोरावर एटीपी घडते, ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रकाश पकडण्याइतकेच तो झेपणेही महत्त्वाचे असते. ठाणे खाडीतल्या तिवराचे पान एप्रिलच्या दुपारी हातात घेतले तर वर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. अशा खाऱ्या, तापल्या जागी पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे आकसतात, कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि पकडलेली ऊर्जा खपत नाही. झँथोफिल रंगद्रव्यांच्या मदतीने तिचा बराचसा भाग उष्णता म्हणून सोडून दिला जातो. तरीही प्रकाशप्रणाली २ मधील डी१ हे प्रथिन मोडत राहते. पान ते काढून त्या जागी नवे बसवते आणि ही दुरुस्ती दिवसभर चालू असते.